कातळावर कुंपण घालताना : खांब कोठे रोवावा आणि कोठे रोवूच नये

देवचाफा

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. तिची हद्द कायम करण्याची मोजणी नुकतीच झाली असून दगडही बसले आहेत. तीन बाजूंना उघडा कातळ आहे. चौथी बाजू व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतरते आणि तेथे हातभर माती लागते. आत काजूची आणि हापूसची कलमे आहेत. उन्हाळ्यात मोकाट गुरे पालवी ओरबाडतात, तर एरवी रानडुकरे बुंध्याभोवतीची आळी उकरून ठेवतात.

एका कंत्राटदाराने दर आठ फुटांवर सिमेंटचा खांब, प्रत्येक खांबाला ब्रेकरने फोडलेला दोन फुटी खड्डा आणि पाच पदरी काटेरी तार असे अंदाजपत्रक दिले आहे. त्यात खड्डा खांबापेक्षा महाग पडतो आहे. खड्डे कमी खोल केले तर खांब टिकतील का, कातळावर खड्डा न खोदता खांब उभा करता येतो का, आणि आमच्याकडे पूर्वापार चालत आलेला गडगा, म्हणजे सुट्या दगडांची रचलेली भिंत, हाच बरा का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पागोळी

अंदाजपत्रकावर चर्चा करण्यापूर्वी हद्दीवरून एकदा पहार घेऊन चालावे. सडा वरून एकसंध दिसतो, पण तो तसा नसतो. सड्याच्या या तांबड्या दगडाचा, जांभ्याचा, वरचा थर लोहामुळे कडक झालेला असतो, त्याची जाडी दर काही फुटांवर बदलते, त्याच्या खाली दगड मऊ होत जातो आणि आणखी खाली चिकणमाती लागते. पहार आपटल्यावर जेथे खणखणीत आवाज येतो तेथे कडक थर जाड आहे असे समजावे, आणि जेथे आवाज पोकळ येतो तेथे खाली पोकळी किंवा मऊ दगड असण्याची शक्यता धरावी. भेगा आणि मातीने भरलेले खळगे तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, कारण पावसाळ्यानंतर गवत तेथेच उंच वाढते.

या तिन्ही जागांवर चुन्याने वेगवेगळ्या खुणा कराव्यात आणि खांबांची जागा फूटपट्टीने न ठरवता या खुणांनी ठरवावी. आठ फुटांचा आग्रह मातीच्या जमिनीत ठीक आहे. दोन एकर म्हणजे 87,120 चौरस फूट. तुकडा चौरस धरला तर घेर सुमारे 1,180 फूट होतो, म्हणजे आठ फुटांनी जवळजवळ 148 खांब आणि बारा फुटांनी 98. कातळात वाचलेले हे पन्नास खड्डे म्हणजे खरी बचत होय. खांबांमधले अंतर वाढले की तारा झोल घेतात, त्यासाठी मध्ये जमिनीत न रोवलेली, केवळ तारांना बांधलेली उभी पट्टी किंवा सळई लावतात. ती भार घेत नाही, तारांमधले अंतर मात्र कायम राखते.

ब्रेकरविषयी एक गोष्ट कंत्राटदार सहसा सांगत नाहीत. एक फुटाचा खड्डा मागितला तर ब्रेकर दोन फुटांचा खळगा करतो आणि भोवतालचा दगडही खिळखिळा करून ठेवतो. मग त्या खळग्यात काँक्रीट अधिक जाते, आणि तरीही खांब धरला जातो तो फुटलेल्या दगडाने. काही ठिकाणी तर खड्डा न खोदलेला बरा.

आडवाट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. बांधकामाच्या क्षेत्रात असल्यामुळे ‘खड्डा न खोदता’ या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

मातीत खांब खोलीमुळे उभा राहतो, कारण भोवतालची माती त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरते. कातळात त्या खोलीची गरज नसते, तेथे खांबाचा पाय दगडाशी जखडला गेला की पुरते. त्यासाठी सिमेंटच्या जाड खांबाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी अँगल घ्यावा. मधल्या खांबांना 40 मिलिमीटरचा चालतो, कोपऱ्यांना 50 चा घ्यावा. रोटरी हॅमरने कातळात दोन भोके पाडावीत, त्यांत 12 मिलिमीटर जाडीच्या सळया पक्क्या कराव्यात, सळयांचे वर राहिलेले फूट-सव्वा फूट अँगलला वेल्ड करावे आणि भोवती साधारण एक फूट चौरस व दीड फूट उंच काँक्रीटचा ठोकळा ओतावा. वेल्डिंगने जेथे जस्त जळते तो भाग काँक्रीटच्या आतच राहील असे पाहावे. ठोकळ्याखालचा कातळ आधी छिन्नीने खरवडून खडबडीत करावा आणि धुऊन घ्यावा, कारण शेवाळलेल्या गुळगुळीत दगडाला काँक्रीट चिकटत नाही. ठोकळ्याचा माथा सपाट न ठेवता चारी बाजूंनी उतरता करावा, नाहीतर अँगलच्या बुडाशी पाणी साचून चार पावसाळ्यांत तेथेच गंज धरतो. राजापूरच्या पश्चिमेकडचा सडा असेल तर खारा वाराही हिशेबात धरावा.

कुंपण पडते ते बहुतेक वेळा मधल्या खांबांमुळे नव्हे, तर कोपऱ्यांमुळे. तारांचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही तारांच्या दिशेने तिरके टेकू द्यावेत आणि त्या टेकूंचे पायही सळयांनी कातळात जखडावेत. सरळ रेषेतही शंभर फुटांच्या आसपास एक ताण घेणारा खांब असावा. पैसे वाचवायचेच असतील तर मधल्या खांबांवर वाचवावेत, कोपऱ्यांवर नाही.

खोलगट जागेचा खांब हा प्रकार फार थोड्यांच्या लक्षात येतो. रेषा जेथे खाली उतरून पुन्हा वर चढते, तेथे ताणलेली तार त्या खोलगटातल्या खांबाला वर उपसते. मातीत दोन फूट गाडलेला खांबही अशा जागी हळूहळू वर येतो. तेथे सळया अधिक खोल घालाव्यात, किंवा तेथल्या तारांना मोठा दगड बांधून खाली ओढून ठेवावे.

देवचाफा

आडवाट, आपला प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. एक शंका उरते. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यात पाडलेल्या भोकात सळई खरोखर धरून राहील का? आणि ती सिमेंटने बसवावी की बाजारात मिळणाऱ्या रसायनाने?

आडवाट

धरून राहते, पण खोली दगडाप्रमाणे वाढवावी लागते. घट्ट काळ्या दगडात जेथे सहा इंच पुरतात, तेथे जांभ्यात दहा ते बारा इंच जावे. सिमेंटने भरायचे असेल तर 12 मिलिमीटरच्या सळईला 25 मिलिमीटरचे भोक हवे, म्हणजे भोवती लगदा नीट उतरतो. रसायन वापरायचे असेल तर 16 मिलिमीटर पुरते. सिमेंटसाठी भोक आधी पाणी घालून भिजवावे लागते, एरवी सच्छिद्र जांभा लगद्यातले पाणी शोषून घेतो आणि सिमेंट भुसभुशीत होते. रसायनासाठी मात्र भोक कोरडे हवे. दोन्ही प्रकारांत आतली भुकटी पंपाने फुंकून, ब्रशने घासून पुन्हा फुंकावी. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे कामगार ते टाळतात, म्हणून तेवढा वेळ तेथे स्वतः उभे राहावे.

भोक पाडताना ड्रिल एकदम आत घसरले तर खाली पोकळी आहे असे समजावे. अशा भोकात रसायन वाहून जाते. त्यासाठी जाळीदार नळ्या मिळतात, परंतु कुंपणाच्या कामात सोपा उपाय म्हणजे हातभर सरकून दुसरे भोक पाडणे.

पहिले चार-सहा खांब झाल्यावर, सिमेंट पुरेसे मुरू देऊन, एका खांबाला दोर बांधून दोन माणसांनी आडवे ओढून पाहावे. तो हलला तर पुढचे काम थांबवून खोली वाढवावी. दगडात धातू पक्का करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सिंधुदुर्गाच्या तटाच्या पायात शिसे ओतल्याचे परंपरेने सांगतातच. कुंपणाला एवढा थाट लागत नाही.

रानमेवा

सळया, रसायने, जाळीदार नळ्या हे सगळे योग्यच आहे, परंतु मूळ प्रश्नातल्या गडग्याला कोणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला कातळावर कोणी खांब रोवत नसे, त्याला कारण आहे. गडग्याला पाया लागत नाही. कातळ हाच त्याचा पाया असतो.

गडगा कसा रचला आहे हे जवळून पाहिल्यास समजते. प्रथम गवत, मुळे आणि सुटी माती काढून कातळ उघडा करतात. दोन्ही बाजूंना मोठे दगड बसवून मध्ये लहान दगड भरत जातात. तळाला रुंदी अडीच फूट असेल तर माथ्याला दीड फूट ठेवतात, म्हणजे दोन्ही तोंडे किंचित आत झुकतात. प्रत्येक थराला सांधेमोड करतात, एका थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाहीत. दर दीड-दोन फूट उंचीवर काही लांब दगड गडग्याच्या आरपार घालतात, त्यांनी दोन्ही तोंडे एकमेकांना बांधली जातात. असा दगड बसवताना जुना गडी तो ठेवून लगेच पुढे जात नाही. त्यावर तळवा टेकून डुलतो का ते पाहतो, डुलला तर उचलून फिरवतो, आणि मगच खाली चीप, म्हणजे दगडाची पातळ कपची, मारतो. आरपार दगड वाचवून केवळ बाहेरून सुबक दिसणारा गडगा बांधला, तर पोट सुटून तो ढासळतो.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर चार फूट उंचीच्या अशा गडग्याला फुटामागे आठ घनफूट, म्हणजे शंभर फुटांना आठ ब्रास दगड लागतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). कलमांसाठी खड्डे मारताना निघालेला दगड जमिनीतच पडून असेल तर उत्तम. नसेल तर जवळच्या चिरेखाणीत तुटक्या चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्याच्या कापीव ठोकळ्यांचे, ढीग असतात. चांगले चिरे गडग्यात घालवू नयेत. खरा खर्च मजुरीचा आहे, आणि हे काम येणारी माणसे कमी होत चालली आहेत हेही मान्य करायला हवे.

दोन सूचना. पावसाळ्यात सड्यावरून पाण्याचा पातळ लोंढा वाहतो, त्याला सखल जागी गडग्याच्या बुडातून मोकळी तोंडे ठेवावीत. गडगा पडतो तो बहुधा अडवलेल्या पाण्यामुळे. दुसरे म्हणजे, जुने दगड हलवताना हात घालण्याआधी पहारेने उलटवावेत आणि पायात बूट असावेत. सड्यावरच्या दगडांखाली फुरसे हा विषारी साप असतो, हे राजापूरकरांना मी सांगायला नको.

घाटावरचा

आमच्याकडे दगड वेगळा, काळा पाषाण. त्यात हॅमरचे टोक लवकर बोथट होते, पण एकदा भोक झाले की सळई हलत नाही. ज्या पट्ट्यात मुरूम आणि गोटे मिसळलेले असतात, तेथे खरी अडचण येते, कारण खड्डा मारताना गोटा मध्येच आडवा येतो आणि काढला तर खड्डा तिप्पट होतो. तेथे आम्ही कोपऱ्यांना जाळीचे पिंजरे केले. गॅबियनच्या, म्हणजे जाळीत दगड भरून केलेल्या, बंधाऱ्याला वापरतात तीच जाळी, तीन फूट लांब-रुंद आणि तितक्याच उंचीचा पिंजरा, मध्ये खांब उभा करून भोवती दगड घट्ट रचायचे. ओतून दिलेले दगड पुढे खाली बसतात आणि खांब सैल होतो, म्हणून हाताने रचणे आवश्यक आहे. कातळात अजिबात भोक पाडायचे नसेल तेथेही हा उपाय चालावा.

सुरुंगाचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. कलमांच्या खड्ड्यांसाठी कोकणात सुरुंग लावतात हे ठाऊक आहे, परंतु त्याला परवाना आणि परवानाधारक माणूस लागतो. शिवाय हद्दीच्या रेषेवर सुरुंग म्हणजे शेजाऱ्याशी भांडणाला आमंत्रण.

सोनकी

चर्चा तंत्राची चालली आहे, तरी पहिली पहार मारण्याआधी पाहण्याची एक गोष्ट आहे, ती येथे नोंदवते. ही जमीन राजापूरच्या सड्यावर आहे. कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही कातळशिल्पांची, म्हणजे सड्यावर कोरलेल्या प्राचीन चित्रांची, ठिकाणे याच तालुक्यात आहेत आणि कोकणातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली आहेत. अनेक शिल्पे खासगी जमिनींत, मातीच्या पातळ थराखाली सापडली आहेत. हद्दीच्या रेषेवरचा कातळ आधी झाडूने स्वच्छ करावा, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना पाहावा. त्या वेळी उथळ रेषाही सावलीमुळे उठून दिसतात. काही आढळले तर तेथे भोक न पाडता पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि कुंपणाची रेषा आपल्या हद्दीच्या आत सरकवून घ्यावी. पागोळी यांनी सुचवलेला चुनाही त्यानंतरच मारावा.

याच ओघात वाटेचा प्रश्न येतो. सड्यावरून पाणवठ्याकडे किंवा वाडीकडे जाणारी वहिवाटीची वाट आपल्या जमिनीतून जात असेल, तर ती कुंपणाने बंद करता येत नाही. शेजारच्या शेतकऱ्याला बांधावरून वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 143 आहे, आणि असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. म्हणून आधीच शेजाऱ्यांना बोलावून वाट ठरवावी आणि तेवढ्या जागी बेडे, म्हणजे ये-जा करण्यापुरते साधे फाटक, ठेवावे.

पागोळी

सोनकी यांची सूचना रास्त आहे, आधी झाडू आणि मग चुना हाच क्रम ठेवावा.

खळगा

रानडुकरांसाठी सौर कुंपणाचा, म्हणजे झटका यंत्राचा, विचार मनात असेलच, म्हणून त्याबद्दल लिहितो. यंत्र साधारण सेकंदाला एकदा अत्यंत अल्पकाळाचा, पण उच्च दाबाचा झटका तारेत सोडते. जनावराने तार शिवली की विजेची वाट तार, जनावराचे अंग, जमीन आणि यंत्राची जमिनीत ठोकलेली सळई अशी पूर्ण होते. कोरडा कातळ या साखळीतला कच्चा दुवा आहे. एप्रिल-मे महिन्यांत सडा इतका वाळतो की जनावराच्या पायाखालून वीज परत जातच नाही, आणि यंत्र चालू असूनही डुक्कर निवांत आत येते. दुकानदाराला हे विचारले तर तो यंत्र मोठे घ्या म्हणतो. त्याचा उपयोग नाही.

उपाय असा की तारा एकाआड एक जोडाव्यात. एक तार झटक्याची, तिच्या शेजारची परतीची, आणि परतीच्या सगळ्या तारा यंत्राच्या जमिनीच्या टोकाला जोडलेल्या. डुक्कर दोन तारांमधून घुसू लागले की दोन्ही अंगाला लागतात आणि जमिनीची गरजच उरत नाही. सर्वांत खालची तार जमिनीपासून आठ-दहा इंचांवर हवी. यंत्राची सळई व्हाळाकडच्या ओलसर मातीत ठोकावी, जरी त्यासाठी तार लांबवर न्यावी लागली तरी. पावसाळ्यात गवत तारेला टेकू देऊ नये, त्याने झटका जमिनीत मुरतो. झटक्यासाठी साधी तार वापरावी, काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये. अडकलेले जनावर किंवा माणूस सुटू शकत नाही.

घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मेली आहेत. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

सोनकी

व्हाळाकडच्या मातीच्या बाजूला जिवंत कुंपणही लावता येईल. सागरगोटा आणि करवंद दोन्ही काटेरी आहेत आणि मातीत धरले की गुरे शिवत नाहीत. कातळावरच्या मातीच्या खळग्यांत घायपात तग धरते. शेर लावणार असाल तर छाटताना डोळे जपावेत, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. सड्यावरचे गवत वाळल्यावर वणवा येतो आणि त्यात जिवंत कुंपण तर जातेच, शिवाय लोखंडी तारेवरचा जस्ताचा मुलामाही खराब होतो. कुंपणालगत दोन्ही बाजूंनी गवत कापून पट्टा मोकळा ठेवावा.

देवचाफा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून आमचा बेत असा ठरतो आहे. आधी रेषा झाडून पाहायची. वाडीकडच्या बाजूला, जेथे कलमांच्या खड्ड्यांचा दगड पडून आहे, तेथे गडगा. उरलेल्या दोन कातळी बाजूंना सळयांवर उभे केलेले अँगल, कोपऱ्यांना टेकू. व्हाळाकडे नेहमीचे गाडलेले सिमेंटचे खांब आणि आतून सागरगोटा. झटक्याच्या दोन-तीन तारा आतल्या बाजूने पुढच्या वर्षी.

दोन प्रश्न राहतात. काम पावसाळ्याआधी उरकावे की नंतर? आणि टेम्पो जाईल इतके रुंद फाटक गडग्यात बसवायचे आहे, त्याचा खांब गडग्यातच चिणला तर चालेल का?

पागोळी

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावे. जांभा ओलसर असताना तुलनेने मऊ असतो, काँक्रीटला मारायला पाणी जवळ मिळते, आणि पाणी कोठून वाहते हे त्या वेळी ताजे डोळ्यांसमोर असते. आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी कुंपण उभेही राहील.

रानमेवा

फाटकाचा खांब गडग्यात चिणू नये. जड फाटक उघडता-मिटताना खांबाला सतत हिसके देते, आणि चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेला गडगा ते हिसके सहन करत नाही. टोकाचे दगड प्रथम सुटतात. दोन्ही बाजूंना गडग्यापासून वीतभर सोडून, आडवाट यांनी सांगितल्याप्रमाणे सळयांवर स्वतंत्र खांब उभे करावेत, मात्र दोनऐवजी चार सळया घालाव्यात. मधल्या फटीत नंतर सुटे दगड भरता येतात. गडग्याची दोन्ही टोके मोठे चांगले चिरे आळीपाळीने आडवे-उभे लावून बंद करावीत. चांगले चिरे गडग्यात घालवू नयेत असे मी वर लिहिले आहे, त्याला एवढा एक अपवाद.

आडवाट

फाटक बारा फुटांचे असेल तर दोन झडपांचे करावे. एकाच झडपेचे केले तर चार सळयाही कमी पडतील.